सायलेन्सर चमकवण्याआधी

“मामू, ब्रासोनं घासून आरशासारखं केलं होतं. तिसऱ्या दिवशी परत काळं. जरा भारीचं पॉलिश सांगा ना!”

जुम्याची नमाज आटोपून आम्ही मशिदीबाहेर गाडीपाशी उभे होतो. गाडी आपाच्या घरची, दहा वर्षे वापरलेली, पेट्रोलवर चालणारी. ती विकायची ठरली होती आणि रविवारी एक मास्तर ती पाहायला येणार होते. पलीकडच्या मोहल्ल्यात राहतात. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचे आणि दर वेळी रिक्षा शोधत फिरायचे, म्हणून पैसे साठवून पहिलीच गाडी घेत होते. भाच्याने गाडी दोनदा धुतली होती, सीटची कव्हरे बदलली होती, टायर काळे केले होते. राहिली होती ती मागची धुराची नळी.

गाडी तासभर उभी असल्यामुळे नळी गार झाली होती. मी नळीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवले आणि ते दोन बोटांत चोळून पाहिले. काजळी कोरडी नव्हती. तव्याच्या मागे साचते तशी चिकट, तेलकट होती.

“बेटा, पॉलिशचा काही दोष नाही,” मी म्हणालो. “गाडी काहीतरी सांगतेय आणि तू ते पुसून टाकतोयस.”

रविवारी काय झाले ते शेवटी सांगतो. आधी या महिन्याचे काम. धुराच्या नळीची सफाई आणि पॉलिश हे घरच्या घरी होणारे, तास-दीड तासाचे काम आहे. मात्र ते बोटापासून सुरू करायचे, फडक्यापासून नाही.

आधी बोट फिरवा

इंजिनातून निघालेला धूर आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून जातो. तिथे त्यातला विषारी भाग बराच कमी होतो. पुढे फुगीर डब्यात आवाज दबतो आणि मग धूर शेवटच्या नळीतून बाहेर पडतो. खरा सायलेन्सर म्हणजे तो डबा. पण बोलताना आपण सगळ्यालाच सायलेन्सर म्हणतो. आपले काम फक्त शेवटच्या वीतभर तुकड्याचे. हकीमसाहेब जीभ बाहेर काढायला सांगतात ना, तशी ही गाडीची जीभ समजा. पुसण्याआधी ती बघून घ्या.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी सुरू करण्याआधी, नळीच्या आत पांढरा कागदी रुमाल फिरवा. रुमालावर काय उमटते ते पाहा.

कोरडी, पातळ, राखाडी किंवा काळसर काजळी असेल तर काळजीचे कारण नाही. पेट्रोल जळले की थोडी काजळी राहतेच. काही नव्या पेट्रोल इंजिनांत इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्या गाड्यांची नळी सुस्थितीतही बरीच काळी दिसते.

काजळी कोरडीच पण जाड आणि मखमलीसारखी मऊ असेल, शिवाय गाडीचे ॲव्हरेज उतरले असेल, तर इंजिनात गरजेपेक्षा जास्त इंधन जाते आहे. एअर फिल्टर तुंबला असेल, स्पार्क प्लग थकले असतील किंवा एखादा सेन्सर बिघडला असेल. एअर फिल्टर तुम्ही स्वतः उघडून पाहू शकता, बाकीचे मिस्त्रीकडे.

काजळी चिकट आणि तेलकट असेल, तर इंजिन ऑइल जळते आहे. अशा वेळी बॉनेट उघडून ऑइलची पट्टी पाहा. पातळी वारंवार खाली जात असेल तर शंका पक्की. धूर निळसर दिसतो. रात्रभर उभी गाडी सुरू करताच निळ्या धुराचा एक भपका येऊन थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्ह सील गेलेले असतात. चढावर किंवा वेग घेताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय येतो. सीलचे काम तुलनेने लहान, रिंगांचे मोठे आणि खर्चाचे.

पाण्याचे थेंब पाहून घाबरू नका. पेट्रोल जळताना पाणी तयार होतेच. एक लिटर पेट्रोलमागे साधारण एक लिटर. एरवी ते वाफ होऊन निघून जाते. गार नळीत तीच वाफ थंड होऊन ठिबकते, कधी काजळी घेऊन काळी ठिबकते. सीएनजीवर पाणी आणखी जास्त बनते. पण पांढरा दाट धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल, त्याला गोडसर वास असेल आणि कूलंट कमी होत असेल, तर गाडी चालवणे थांबवा आणि मिस्त्रीला बोलवा.

डिझेल गाडीचे गणित वेगळे. जुन्या डिझेलची नळी काळी असणारच. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्या आल्या. त्यांतल्या डिझेल गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो. अशा गाडीची नळी आतून जवळजवळ स्वच्छ असायला हवी. ती एकाएकी काळी पडू लागली तर फिल्टरची तपासणी करून घ्या.

नळी कशाची आहे?

एकच पॉलिश सगळ्या नळ्यांना चालत नाही. आपल्याकडे चार प्रकार दिसतात.

पहिली साधी लोखंडी नळी. लहान गाड्यांना बहुतेक हीच असते. ती चमकत नाही आणि चमकायचे तिचे कामही नाही. गंज काढून उष्णता सहन करणारा रुपेरी रंग दिला की झाले. साधा ऑइलपेंट मात्र तापून पापुद्रे धरतो आणि सुटतो.

दुसरी स्टेनलेस स्टीलची. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या भांड्यांचाच भाऊबंद. ही आतपर्यंत एकाच धातूची असते, म्हणून घासून पुन्हा चकचकीत करता येते. तापून तिच्यावर सोनेरी, मग निळसर झाक येते. तो गंज नाही. पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो, त्याचा तो रंग. पॉलिशने निघतो, तापल्यावर पुन्हा येतो. लोहचुंबक लावून स्टेनलेस ओळखण्याचा उपाय इथे फसवा आहे, कारण सायलेन्सरसाठी वापरले जाणारे काही स्टेनलेस चुंबकाला चिकटते.

तिसरी क्रोमचा मुलामा दिलेली. चमक सर्वांत जास्त, पण क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असू शकतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. हा थर घासून गेला की गेला. पॉलिशने परत येत नाही. काही गाड्यांवर वरून बसवलेले चमकदार तोंड असते, तेही बहुधा याच जातीचे.

चौथी काळ्या रंगाची किंवा काळा लेप दिलेली. हिला साबण, पाणी आणि मऊ फडके एवढेच. पॉलिश लावले तर काळा रंग उतरून चट्टे पडतात.

प्रकार कळत नसेल तर तिला क्रोम समजून चालावे. नुकसान टळते.

सफाई कशी करावी

साहित्य: बादलीभर पाणी, भांड्यांचा पातळ साबण, दोन जुने टूथब्रश, तीन-चार जुनी बनियने, खाण्याचा सोडा, रबरी हातमोजे, तोंडाला मास्क आणि धातूचे पॉलिश. ब्रासो घरात असतेच, ऑटोसोलसारखी पेस्ट ऑटो पार्ट्सच्या दुकानात मिळते. हातमोजे आणि मास्क यांचा आळस करू नका. डिझेलचा धूर माणसात कर्करोग करतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला आहे. काजळी नाकातोंडात जाऊ देण्याची वस्तू नाही.

गाडी सावलीत, सपाट जागी उभी करा. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. नळी पूर्ण गार हवी. गाडी थांबल्यावरही बराच वेळ ती हात भाजण्याइतकी तापलेली असते. म्हणून हे काम सकाळीच उत्तम.

नळीच्या आत चार बोटे सोडून एक फडके कोंबा, म्हणजे पाणी डब्यात जाणार नाही. त्या फडक्याला लाल दोरी बांधा आणि दोरीचे दुसरे टोक गाडीच्या किल्लीला बांधा. हसू नका. आतले फडके विसरले की गाडी सुरू होत नाही, झाली तरी गुदमरून बंद पडते. मग आपण बॅटरीपासून पेट्रोलपंपापर्यंत सगळ्यांना दोष देत बसतो. मी हे एकदा केले आहे, म्हणून दोरी सांगतो.

आता साबणाच्या पाण्याने चिखल आणि सुटी काजळी धुवा. आत टूथब्रश फिरवा. नंतर तीन भाग सोडा आणि एक भाग पाणी कालवून पेस्ट करा, ती काजळीवर लावा आणि दहा मिनिटांनी हलक्या हाताने घासून धुवा. काजळी तेलकट असेल तर फडक्यावर थोडे डब्ल्यूडी-४० घेऊन पुसा आणि परत साबणाने स्वच्छ धुवा. असले पदार्थ पेट घेणारे असतात. नळीत त्यांचा अंशही न ठेवता, पूर्ण वाळल्यावरच गाडी सुरू करा.

इथून पुढे धातूप्रमाणे वाटा वेगळ्या होतात.

क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर चपात्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यावर अगदी हलके फिरवा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असते. गंज निघतो आणि क्रोमला ओरखडा पडत नाही. नंतर मऊ फडक्यावर मटारच्या दाण्याएवढे पॉलिश घेऊन एकदा, फार तर दोनदा फिरवा. क्रोमला पॉलिश पेपर कधीही लावू नका.

स्टेनलेसवर डाग खोल असतील तर हार्डवेअरच्या दुकानातून १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर आणा. पाण्यात भिजवून आधी १००० आणि मग २००० फिरवा, एकाच दिशेने. नंतर पॉलिश लावा, काळे पाणी सुटेपर्यंत घासा आणि कोरड्या बनियनने पुसा. भांडी घासायची लोखंडी तार इथे वापरू नका. तिचे बारीक कण स्टीलवर अडकतात, तेच पुढे गंजतात आणि नाव स्टीलचे खराब होते.

शेवटी गाडीच्या मेणाचा पातळ हात द्या. उष्णतेने तो काही दिवसांत जातो, पण तोवर काजळी धरून बसत नाही. लाल दोरी ओढून फडके बाहेर काढा. मगच किल्ली लावा.

महिन्यातून एकदा नुसते साबणपाणी पुरे, पॉलिश वर्षातून दोनदा. रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पावसाळा संपताच एकदा गोड्या पाण्याने गाडीचा खालचा भाग आणि नळी जरूर धुवावी. खारी हवा लोखंड फार लवकर खाते.

हे करू नका

संडास-बाथरूमचे ॲसिड नळीला लावू नका. डाग झटक्यात जातो हे खरे, पण त्याबरोबर मुलामाही जातो, खालचे लोखंड उघडे पडते आणि आठवडाभरात गंज दिसतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो, तो धोका वेगळाच.

डब्याच्या खालच्या बाजूला कधीकधी सुईने पाडल्यासारखे एक बारीक भोक असते. ते पाणी निचरण्यासाठी मुद्दाम ठेवलेले असते. गंजाचे भोक समजून ते एमसीलने बुजवू नका.

शटर बंद करून, आत गाडी चालू ठेवून “काजळी उडवून” टाकू नका. हे थोडे सविस्तर सांगायला हवे.

न दिसणारा धूर

नळीतून जे दिसते ते काजळी आणि वाफ. जे दिसत नाही ते कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, त्यामुळे श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, झोप येते. त्या झोपेतून माणूस उठेलच असे नाही.

आपल्या कुटुंबांत ईदला, लग्नाला रातोरात गावी जायची रीत आहे. मुंबईहून निघायचे आणि डोळ्यांवर झोप आली की महामार्गाकडेला गाडी लावून, काचा बंद आणि एसी चालू ठेवून सगळ्यांनी तासभर पडायचे. मुले मागे झोपलेली असतातच. नळीच्या जोडाला गंजून भोक पडले असेल, किंवा नळीचे तोंड मातीच्या ढिगाला नाहीतर भिंतीला टेकले असेल, तर हाच वायू गाडीत शिरू शकतो. झोपायचेच असेल तर इंजिन बंद करा, काचा थोड्या खाली ठेवा आणि उजेडाच्या, वर्दळीच्या जागी थांबा.

म्हणून सफाईला खाली वाकलाच आहात तर आणखी दोन मिनिटे द्या. टॉर्च घेऊन डब्याचे जोड पाहा. जोडाभोवती काळा पंखा उमटला असेल तर तिथून धूर गळतो आहे. गार गाडी सुरू करताच खालून “फुस्‌फुस्‌” आवाज येत असेल, किंवा गाडीच्या आत धुराचा वास येत असेल, तर त्याच दिवशी मिस्त्री गाठा. डबा ज्या रबरांवर लटकतो ती चिरली असतील तर बदला; लोंबणारा डबा खड्ड्यावर आपटून जोड उखडतो.

पीयूसीची सुई याच नळीत घालतात. बीएस-४ आणि त्यानंतरच्या गाड्यांना हे प्रमाणपत्र वर्षभर चालते, त्याआधीच्यांना सहा महिने. पॉलिशने त्यातला आकडा तसूभरही बदलत नाही.

तो रविवार

आता भाच्याची गोष्ट पुरी करतो. शनिवारी सकाळी मी आपाकडे गेलो. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू केली. निळा भपका आला आणि थांबला. ऑइलची पट्टी काढली तर पातळी खालच्या खुणेच्याही खाली होती. सर्व्हिसिंग होऊन तीनच महिने झाले होते.

भाचा म्हणाला, “मामू, दुपारी दाखवू ना. गरम गाडीला धूर येत नाही.”

मी काही बोललो नाही. दुल्हाभाई कुवेतला असतात. आपाने त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “किती कमी होतील?” मी म्हणालो, वीसेक हजार तरी. फोनवर थोडा वेळ नुसती खरखर होती. वीस हजार म्हणजे त्या उन्हात किती दिवस, हे आपाला ठाऊक होते. नंतर ते म्हणाले, “सकाळीच बोलवा. गार गाडी दाखवा. ऐब झाकून विकायचं नाही, हे लहानपणापासून ऐकतोय. मास्तर आईला घेऊन घाटात अडकले तर मला इथे झोप यायची नाही.”

रविवारी सकाळी आठला मास्तर आले. भाच्यानेच गाडी सुरू केली आणि स्वतःच म्हणाला, “सर, मागे येऊन धूर बघा. ऑइल जळतंय. सील की रिंगा, ते तुमच्या मिस्त्रीला बघू द्या.” त्याचा आवाज जरा पडला होता. मास्तरांनी धुराकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले आणि काही न बोलता निघून गेले. आम्हाला वाटले, सौदा गेला.

मंगळवारी ते मिस्त्रीला घेऊन परत आले. काम सीलचे निघाले, रिंगा चांगल्या होत्या. दुरुस्तीचा खर्च धरून किंमत ठरली, मनात धरलेल्यापेक्षा अठरा हजार कमी. दुरुस्ती झाली तेव्हा गाडी द्यायच्या आदल्या दिवशी भाचा पुन्हा ब्रासो आणि बनियन घेऊन बसला. आता विकायची नव्हती, विकलेली होती. तरी तासभर घासत होता.

परवा मास्तरांची गाडी दवाखान्याबाहेर उभी दिसली. मी सवयीने वाकलो आणि नळीत बोट फिरवले. बोटाला थोडी कोरडी, राखाडी धूळ लागली. नळी महिन्यानंतरही चमकत होती.

पुढच्या महिन्यात पावसाळ्याआधी घरच्या पाण्याच्या टाकीची सफाई. इन्शाअल्लाह भेटू. तोवर एका सकाळी पांढरा कागदी रुमाल घेऊन खाली जा आणि तुमची गाडी काय म्हणते ते पाहा.